घोस्ट्स एन गॉब्लिन्स: इतका छळतो, तरी नाणं पुन्हा का टाकतो आपण?

निशाचर_८१ | शुक्रवार, रात्री ११:५२

जुन्या गेम्सवर धागा निघाला की मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट यांचं कौतुक होतं आणि गाडी तिथेच थांबते. आज जरा छळवादी गेमबद्दल बोलू या. घोस्ट्स एन गॉब्लिन्स. कॅपकॉम ही जपानी कंपनी, १९८५. जपानात नाव माकाइमुरा. करता करविता तोकुरो फुजिवारा, ज्याने त्याच वर्षी कमांडो हा गेमही दिला.

खेळला नसेल त्यांच्यासाठी: आर्थर नावाचा शूर सरदार रात्रीच्या वेळी कब्रस्तानात राजकन्येसोबत निव्वळ चड्डीवर आहे. (का, ते विचारायचं नाही.) सैतान येतो, राजकन्येला उचलतो, आर्थर चिलखत चढवून मागे धावतो. पहिला फटका बसला की चिलखत फुटतं आणि स्वारी पुन्हा चड्डीवर. दुसरा बसला की हाडं. लाइफचा पट्टा नाही, बदामाची चिन्हं नाहीत. आपण किती वाचलोय ते त्याच्या अंगावरच दिसतं. वर घड्याळ चालू. जमिनीतून मुडदे उगवतात, तेही नेमके आपण उभे असू तिथे.

आणि दर वेळी मेलं की अख्ख्या मार्गाचा नकाशा दाखवतात. डाव्या कोपऱ्यात आपण, उजव्या टोकाला सैतानाचं घर. अपमान करण्याची एवढी सभ्य पद्धत मी दुसऱ्या गेममध्ये पाहिली नाही.

हल्ली मी तो पुन्हा लावलाय. पहिल्या स्टेजचा लाल राक्षस मला अजून घाम फोडतो. चिडून बंद करतो, दात घासतो आणि परत चालू करतो. बायकोला वाटतं काहीतरी बिघडलंय. तर प्रश्न असा: हा गेम चांगला आहे की आपल्यालाच मार खायची सवय लागली आहे?

माझं मत आधीच सांगतो. सगळं त्या उडीत आहे. आर्थरने एकदा उडी घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. विहिरीच्या काठावरून सूर मारला की मधे विचार बदलून चालत नाही, तसं. त्यामुळे मेलो की कुणाला बोल लावता येत नाही. आणि हेच सहन होत नाही.

---

तिखटमीठ | शुक्रवार, रात्री ११:५९

पहिली! सविस्तर उद्या लिहिते. तूर्तास एवढंच की त्या लाल राक्षसाचं नाव काढल्याबद्दल निषेध. झोप उडाली.

---

गच्चीवरचा | शनिवार, सकाळी ७:२०

उगाच तत्त्वज्ञान नको राव. ही नाणी उकळायची यंत्रं होती. जपानात १०० येनचं नाणं, अमेरिकेत क्वार्टर (पाव डॉलर), आपल्याकडे रुपया. माणूस दोन-चार मिनिटांत मेला पाहिजे, म्हणजे पुढचा गिऱ्हाईक उभा राहतो. हा गेम कठीण आहे कारण कठीण असण्यात पैसा होता. त्याला कला म्हणणं म्हणजे खिसेकापूच्या बोटांचं कौतुक करणं. करा, पण पाकीट गेलंय हे विसरू नका.

आणि शेवट? सगळं पार करून सैतानाला मारलं की पाटी येते: ही खोली भास आहे, सैतानाचा सापळा आहे, बेधडक पुढे चला. म्हणजे पुन्हा पहिल्या स्टेजपासून, अधिक कठीण. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतर. याला आमच्याकडे सरळ फसवणूक म्हणतात.

---

जुना_टोकनवाला | शनिवार, सकाळी ९:०५

गच्चीवरचा, अर्धं बरोबर, अर्धं नाही. आमच्या मामांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, नव्वदच्या दशकात, बस स्टँडजवळ. मी शाळा सुटली की गल्ल्यावर बसायचो. मशीनच्या आत बोर्डावर छोट्या छोट्या कळांची पट्टी असते, डिप स्विच म्हणतात. त्यावर ठरतं गेम किती कठीण, लाइफ किती, किती पॉइंटांना जादा लाइफ. म्हणजे कंपनीने जेवढा छळ करून पाठवला त्यात पार्लरवाला आपल्या हाताने भर घालू शकतो. मामा मे महिन्यात कळा बदलायचे. सुट्टीत पोरं रांग लावतात, तेव्हा एकाने फार वेळ अडवून बसणं परवडत नाही.

पण मामांचं एक निरीक्षण होतं. फार कठीण ठेवलं की दोन दिवसांत मशीनसमोर काळं कुत्रं फिरकत नाही. पोरगं मरतं तेव्हा त्याला "आता जमलं असतं" असं वाटायला हवं. वाटलं तरच खिशात हात जातो. नुसत्या छळाला कुणी पैसे देत नाही.

आणि दुसऱ्या फेरीचं म्हणाल तर ती पैशासाठी असली तरी वेगळ्या अर्थाने. शेवटपर्यंत पोचणारा पोरगा हा पार्लरवाल्याला तोट्याचाच. एका नाण्यात अर्धा-पाऊण तास मशीन अडवतो. त्या काळचे बरेच गेम मुळात संपतच नसत, शेवटची स्टेज झाली की गुपचूप पहिली लागायची. फुजिवारांचाच कमांडो तसा आहे. इथे त्यांनी त्या फेरीला गोष्टीत जागा दिली, एवढंच. मला तर ते हुशारीचं वाटतं.

---

निशाचर_८१ | शनिवार, सकाळी ९:४०

टोकनवाले, काय प्रतिसाद! डिप स्विचबद्दल अजून लिहा, वेगळा धागा काढा हवं तर.

दुसऱ्या फेरीची गंमत बघा. मारिओही १९८५चाच. तिथेही राजकन्या सोडवली की पुन्हा कठीण फेरी खेळता येते. पण ती बक्षीस म्हणून मिळते. इथे शिक्षा म्हणून.

---

बिटवाइज | शनिवार, दुपारी १:१५

मी पुण्यात गेम डेव्हलपर आहे, मोबाइलचे गेम करतो. (शिव्या देऊ नका, पोट आहे.) उडीबद्दल निशाचर बोलले ते धंद्याच्या अंगाने सांगतो.

हल्लीच्या चांगल्या प्लॅटफॉर्म गेममध्ये (उड्या मारत पुढे जायचे गेम) खेळाडूला कळू न देता खूप मदत केलेली असते. सेलेस्ट (२०१८) घ्या. कठीण म्हणून नावाजलेला. पण त्यात तुम्ही कड्यावरून पाऊल पुढे टाकलंत, पायाखाली काही नाही, तरी पुढच्या काही फ्रेमपर्यंत (म्हणजे निमिषभर) उडीचं बटण चालतं. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलंत तर ते लक्षात ठेवून टेकल्याबरोबर उडी दिली जाते. डोकं छताच्या कोपऱ्याला घासलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. बटण धरून ठेवलंत तर उडीच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होतं. खेळाडूला वाटतं, वा, काय हात बसलाय आपला! हात बसलेला असतोच, पण खालून कुणीतरी धरलेलंही असतं. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय, लपवाछपवी नाही.

आर्थरला यातलं काही नाही. मारिओ हवेत मागे वळतो, आर्थर वळत नाही. भाला फक्त डावीकडे किंवा उजवीकडे. वर फेकता येत नाही (ती सोय याच मालिकेतल्या १९८८च्या घूल्स एन घोस्ट्समध्ये आली). पडद्यावर एका वेळी मोजकेच भाले, म्हणजे नेम चुकला तर तो भाला पडद्याबाहेर जाईपर्यंत हात बांधलेले. प्रत्येक बटणाला किंमत आहे.

याचा परिणाम असा की हा गेम बोटांच्या वेगाचा राहत नाही, अंदाजाचा होतो. आधी बघायचं, मग ठरवायचं, मग उडी. कॉन्ट्राच्या सवयीने नुसतं गोळीबार करत धावणारा इथे कब्रस्तानसुद्धा ओलांडत नाही.

---

मोगरा_नाशिक | शनिवार, दुपारी ३:३०

आमच्याकडे टीव्ही गेम होता, "९९९ इन १" कॅसेटवाला. त्यातले तेच पंधरा-वीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. आर्थरचा गेम त्यात होता, पण चालायचा अडखळत, माणसं मधेच लुकलुकायची. आम्हाला वाटायचं कॅसेट खराब आहे, म्हणून फुंकर मारत बसायचो.

---

बिटवाइज | शनिवार, दुपारी ३:५२

@मोगरा, फुंकर वाया गेली. :) १९८६ची ती घरगुती आवृत्तीच तशी आहे. मायक्रोनिक्स नावाच्या कंपनीने बनवून दिली होती. हलतं धक्के खात, आकृत्या लुकलुकतात. मूळ आर्केडच्या (म्हणजे पार्लरच्या मशीनवरच्या) काटेकोर उडीला गुळगुळीत हालचालीची गरज असते, तीच नेमकी नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हाच गेम "अशक्य" म्हणून ओळखला, त्यातला काही वाटा या आवृत्तीचा. आर्केडचा खेळून बघा, कठीणच आहे, पण हातात येतो.

---

तिखटमीठ | शनिवार, सायंकाळी ६:१०

आले. माझा निशाचर यांच्याशी वाद आहे. "कुणाला बोल लावता येत नाही" हे साफ चूक. उडीपुरतं मान्य. बाकी गेम चक्क लबाड आहे.

१) मशाल. रस्त्यात हत्यार पडलेलं असतं, त्यावर पाय पडला की आपोआप हातात येतं. नको म्हणायची सोय नाही. चांगला सरळ जाणारा भाला किंवा भराभर फेकता येणारा खंजीर हातात असताना चुकून मशाल उचलली की संपलं. ती वाकडी जाऊन जमिनीवर पडते आणि तिथे जळत बसते, तोवर समोरचा आपल्याला खाऊन मोकळा. मग घाबरून मशालीवरून उडी मारावी लागते. शत्रूपेक्षा हत्याराला भ्यायचा हा एकच गेम असेल.

२) थडग्यांवर कुतूहलाने मारा करत राहिलात तर जादूगार निघतो आणि आर्थरचा बेडूक करतो. कुतूहलाची शिक्षा!

३) आणि सगळ्यांत मोठी: शेवटच्या सैतानाकडे जायला ढाल हेच हत्यार लागतं (जपानी आवृत्तीत क्रूस). ते आधी कुणी सांगत नाही. दुसरं काही घेऊन तिथवर पोचलात तर परत पाचव्या स्टेजला पाठवतात. इतकं सगळं करून!

यात माझी चूक कुठे? उडी प्रामाणिक आहे, गेम नाही. आणि मला वाटतं ओढ याच भेसळीची आहे. नुसता प्रामाणिक असता तर अभ्यास झाला असता. नुसता लबाड असता तर फेकून दिला असता.

---

गच्चीवरचा | शनिवार, सायंकाळी ६:२५

तिखटमीठ +१००. मुद्दा क्र. ३ साठी माझ्याकडून वडापाव.

---

निशाचर_८१ | शनिवार, रात्री ८:००

ढालीबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी गप्प. पण पार्लरच्या काळात ही माहिती खेळणाऱ्याला एकट्याला शोधायची नसायची. मशीनभोवती पाच-सहा पोरं असायची. "अरे मशाल नको, उडी मार, उडी!" असं कुणीतरी ओरडायचं. ढाल लागते हे एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत पेठेत कळायचं. आपण आज ते एकट्याने, हेडफोन लावून खेळतो आणि मग लबाडी जास्त टोचते.

---

ओसाकाकर | रविवार, पहाटे ४:४० (इथे सकाळ झालीये)

नोकरीनिमित्त ओसाकात आहे. कॅपकॉमचं मुख्यालय याच शहरात, त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही.

निप्पोनबाशी भागात जुन्या गेमची दुकानं आहेत, काही ठिकाणी जुनी मशीनं अजून चालू असतात. तिथे एक गृहस्थ पाहिले होते, पन्नाशीच्या पुढचे, सूट घातलेला, बॅग पायाशी. याच गेमवर. मी मागे उभा राहिलो. लाल राक्षस आला तेव्हा मला वाटलं आता धडाधड भाले सुटतील. त्यांनी आधी मागून येणारे मुडदे निवांत साफ केले, थोडं मागे सरकून जागा मोकळी केली आणि मग त्याला उठवलं. तो राक्षस आपल्या फेकीकडे बघून हलतो. भाला सुटला की तो वर उचलला जातो, आपण रिकामे झालो की सूर मारतो. त्यामुळे घाईने फेकणारा त्याचं आयतं गिऱ्हाईक. गृहस्थ फार थोडे भाले फेकत होते. तो झेपावून खाली आला की एक, बास.

नंतर कुठल्याशा तरंगत्या फळीवरून पडले. चेहऱ्यावर काही नाही. बॅग उचलली, गेले. नवीन नाणं टाकलं नाही. मला ते पाहून जरा हेवा वाटला.

अवांतर: तो लाल राक्षस इतका गाजला की १९९० मध्ये गेम बॉयवर (हातात धरायचं गेम यंत्र) त्यालाच नायक करून गार्गॉइल्स क्वेस्ट निघाला. चांगला गेम आहे.

---

जुना_टोकनवाला | रविवार, सकाळी ८:३०

नाणं न टाकता गेले? मामांना आवडले नसते हे गृहस्थ. :)

---

बिटवाइज | रविवार, सकाळी १०:१०

ओसाकाकरांनी लाल राक्षसाचं मर्म अचूक पकडलं. १९८५ मध्ये बहुतेक शत्रू ठरलेल्या वाटेने यायचे, तुम्ही काय करता याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. पाठांतर केलं की झालं. हा मात्र तुमच्या बटणाला उत्तर देतो. त्यामुळे पाठ होत नाही, आणि त्याच्याशी वैर व्यक्तिगत होतं. मुडद्यांवर कुणी चिडत नाही, याच्यावर सगळे चिडतात. इथेच बघा, चाळीस वर्षं झाली, आणि तिखटमीठ यांची झोप उडते.

@तिखटमीठ, भेसळीचा मुद्दा आवडला, पण पूर्ण पटला नाही. लबाडी काढून टाकली तरी ओढ राहते, याचा पुरावा सुपर घूल्स एन घोस्ट्स (१९९१). तिथे हवेत दुसरी उडी मिळते, म्हणजे चुकीच्या निर्णयावर एकदा फेरविचार. तरीही गेम तितकाच छळतो, कारण दुसरी उडीसुद्धा एकदा घेतली की बदलत नाही. सोय दिली आणि सोयीलाही किंमत लावली. मला विचाराल तर मालिकेतला सर्वोत्तम तोच.

---

तिखटमीठ | रविवार, सकाळी १०:४५

पण दोन फेऱ्यांची अट तिथेही आहेच की! दुसऱ्या फेरीत देवीचं कडं मिळवा, मग शेवट. लबाडी कुठे गेली? फक्त कपडे बदलून आली.

---

बिटवाइज | रविवार, सकाळी १०:५१

हे बाकी खरं. शस्त्र खाली ठेवतो. (मशाल होती.)

---

आईची_पाळी | रविवार, दुपारी १२:३०

जरा वेगळा प्रश्न. माझा मुलगा बारा वर्षांचा, सेलेस्ट पूर्ण केलाय त्याने. हा धागा वाचून दाखवला तर म्हणाला मला हवाय. त्याला जुना दिला. आधी हसला चड्डीवर, मग अर्ध्या तासाने कंट्रोलर आपटला. म्हणाला, "आई, हा ऐकत नाही." मी त्याला म्हटलं, तो ऐकतो, तूच आधी बोलतोस. म्हणजे तो मध्येच मागे दाबत होता, हवेत. त्याची सवय तशी.

त्याच्या गेममध्ये मेलं की लगेच त्याच खोलीत जिवंत, क्षणाचाही खोळंबा नाही. इथे मेलं की नकाशा, गाणं, आणि बरंच मागे. त्याला मरण्यापेक्षा त्या वाट पाहण्याचा राग येतोय. आमच्या वेळी तीच वाट पाहताना शेजारचा सांगायचा काय चुकलं ते. आता मी सांगते, तर त्याला तेही नको.

घरात निन्टेंडो स्विच (गेमचं यंत्र) आहे. दोघांना मिळून खेळता येईल असं यातलं काही आहे का? आणि फार रडारड न होता?

---

गच्चीवरचा | रविवार, दुपारी १२:४१

रडारडीशिवाय म्हणजे बिनसाखरेचा शिरा मागताय ताई.

---

निशाचर_८१ | रविवार, दुपारी १:०५

ताई, आहे. २०२१ मध्ये घोस्ट्स एन गॉब्लिन्स रिझरेक्शन आला, फेब्रुवारीत आधी स्विचवरच. दिग्दर्शन पुन्हा फुजिवारांचंच. चित्रं जुन्या कथापुस्तकासारखी, कागदी बाहुल्या हलाव्यात तशी. अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यांत सोप्या पेज पायरीवर मेलं तरी तिथल्या तिथे उठता येतं, तुमच्या मुलाची तक्रार मिटते. स्क्वायर ही त्यावरची. लेजंड ही सर्वांत वरची पायरी, त्या वाटेला जाऊ नका.

दोघांचीही सोय आहे. एक जण आर्थर, दुसऱ्याकडे मदतनीस आत्मा. तो ढालीसारखं कवच धरू शकतो, आर्थरला उचलून नेऊ शकतो, खड्ड्यावर पूल टाकू शकतो. तुम्ही मदतनीस व्हा. उडी चुकली तर खाली पूल टाकायचा की नाही ते तुमच्या हातात.

मूळचाच हवा असेल तर स्विचवर कॅपकॉम आर्केड स्टेडियम आहे, हा गेम त्यात वेगळा विकत घ्यावा लागतो. त्यात मागे रिवाइंड करता येतं, वेग कमी करता येतो.

---

तिखटमीठ | रविवार, दुपारी १:२०

रिवाइंड! म्हणजे हवेत दिशा बदलता येत नाही, पण काळाची येते. निशाचर, तुम्ही वापरता का ते? खरं सांगा.

---

निशाचर_८१ | रविवार, दुपारी १:२२

लाल राक्षसापुरतं.

---

गच्चीवरचा | रविवार, दुपारी १:२३

धागा लॉक करा.

---

आईची_पाळी | रविवार, रात्री ९:१५

रिझरेक्शन घेतला. स्क्वायरवर आहोत, पेज नको म्हणाला, अपमान वाटला त्याला. कब्रस्तान पार झालं. मी एकदा पूल टाकायला उशीर केला, तर अजून बोलत नाहीये. लाल राक्षसाला कवचाने अडवता येतं का, कुणाला माहीत असेल तर सांगा, उद्या शाळेतून आला की लगेच लागणार आहे.

---

ओसाकाकर | सोमवार, पहाटे ५:०५

कवच वेळेवर धरलं तर उपयोग होतो, पण ते फार वेळ टिकत नाही. त्याने सूर मारेपर्यंत थांबा, मग धरा. आणि मुलाला सांगा, तोपर्यंत भाला फेकायचा नाही.